यंत्रानं सांगितलेलं कारण पारखून घ्या

(रेडिओच्या शेतीविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सल्ल्याला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. बांधावरचा शेजारी सल्ला देतो, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार देतो, पाहुणेरावळे देतात. २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झालं आणि टेलिफोनवरून सल्ला मिळू लागला. आता त्यात आणखी एका सल्लागाराची भर पडली आहे. हा सल्लागार म्हणजे एक यंत्र. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा 'एआय' असं नाव आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली २०२४ साली सुरू झाली. महाराष्ट्राच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' हे मोबाईल ॲप २०२५ साली आलं. खाजगी कंपन्यांची ॲप आहेत ती वेगळीच. काही ॲपमध्ये पानाचा फोटो काढून पाठवला की क्षणात उत्तर येतं : अमुक रोग आहे, तमुक औषध मारा.

आणि आता काही यंत्रं नुसतं उत्तर देऊन थांबत नाहीत, तर कारणही सांगतात. "पानावर असे असे ठिपके दिसले, म्हणून हा करपा आहे." किंवा "सापळ्यात इतके पतंग आले, म्हणून फवारणी करा." अशा यंत्राला आपण 'कारण सांगणारं यंत्र' म्हणू या. शास्त्रज्ञ गेली अनेक वर्षं अशा यंत्रांच्या मागे लागले आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरांना सल्ला देणारा एक संगणक-कार्यक्रम तयार झाला होता. त्याला "का?" असं विचारलं की तो आपला नियम दाखवायचा. कारण कळलं की माणसाचा विश्वास बसेल, हा त्यामागचा विचार.

विश्वास बसतो, हे खरं. पण तो कुठं बसावा आणि कुठं बसू नये, हा खरा प्रश्न आहे. यंत्र चुकलं तर त्याचं काही जात नाही. औषधाचे पैसे आपले जातात, हंगाम आपला जातो. नको असताना केलेली फवारणी तर जिवावरही बेतू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून यंत्राचं कारण कसं पारखायचं, ते आज पाहू.

यंत्र शिकतं कसं?

लहान पोराला आपण जसं शिकवतो, तसंच थोडंफार. "हा कापूस, ही अंबाडी" असं दहादा दाखवलं की पोर ओळखायला लागतं. यंत्राला हजारो फोटो दाखवतात आणि प्रत्येक फोटोबरोबर नाव सांगतात. ते फोटोंमध्ये सारखेपणा शोधतं आणि पुढच्या वेळी नवा फोटो आला की जवळचं नाव सांगतं.

फरक एवढाच की पोराला पान म्हणजे काय, रोग म्हणजे काय हे कळतं. यंत्राला फक्त रंगांचे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांतून ते कोणता धागा पकडेल, याचा भरवसा नसतो. ही गोष्ट नीट समजावी म्हणून एक प्रयोग सांगतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. लांडगा आणि लांडग्यासारखा दिसणारा हस्की जातीचा कुत्रा यांतला फरक ओळखणारं यंत्र त्यांनी मुद्दाम बिघडवून तयार केलं. शिकवताना लांडग्याच्या सगळ्या फोटोंत मागे बर्फ ठेवला, कुत्र्याच्या फोटोंत बर्फ नव्हता. यंत्र काय शिकलं? बर्फ दिसला की लांडगा! प्राण्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

मग २७ विद्यार्थ्यांना या यंत्राची दहा उत्तरं दाखवली. त्यांतली आठ बरोबर होती, दोन चूक. "या यंत्रावर विश्वास ठेवाल का?" असं विचारल्यावर १० जण 'हो' म्हणाले. नंतर यंत्रानं फोटोचा कोणता भाग बघून उत्तर दिलं, ते रंगवून दाखवलं. बर्फाचा पट्टा उघडा पडला. आता 'हो' म्हणणारे उरले फक्त ३.

यातून घ्यायचा धडा असा की कारण दिसलं, तर खोटा विश्वास उडतो. कारण सांगणाऱ्या यंत्राचा हा मोठा फायदा आहे. उत्तर बरोबर असूनही ते चुकीच्या कारणानं बरोबर असू शकतं, आणि असं उत्तर उद्या दगा देतं.

पानाच्या फोटोचं काय?

लांडगा आपल्या शेतात येत नाही, पण रोग येतो. तेव्हा पिकाचंच उदाहरण घेऊ. 'प्लांटव्हिलेज' नावाचा पानांच्या फोटोंचा मोठा साठा आहे. त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर यंत्राला १४ पिकं आणि २६ रोग शिकवले गेले. २०१६ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. त्याच साठ्यातले, पण यंत्रानं आधी न पाहिलेले फोटो दाखवले, तेव्हा त्यानं ९९ टक्क्यांहून अधिक उत्तरं बरोबर दिली. ऐकून कुणीही म्हणेल, आता कृषी पदवीधराची गरजच काय!

पण त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे पुढची गोष्टही लिहिली. दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले, तेव्हा बरोबर उत्तरं शंभरात ३१ च्या आसपास आली. साठ्यातली पानं तोडून, एका साध्या पृष्ठभागावर ठेवून फोटो काढलेले होते. शेतात ऊन असतं, सावली असते, मागे माती असते, शेजारचं गवत असतं.

याहून गंमत पुढे आहे. २०२२ साली एका संशोधकानं याच साठ्यातल्या फोटोंमधलं पान पूर्ण वगळलं. पानामागच्या मोकळ्या जागेतले फक्त ८ ठिपके यंत्राला दाखवले. तरी यंत्रानं शंभरात ४९ वेळा पीक आणि रोग बरोबर सांगितला. नुसता अंदाज ठोकला असता तर शंभरात तीनसुद्धा बरोबर आले नसते. म्हणजे फोटो काढण्याच्या पद्धतीवरूनच यंत्राला उत्तराचा सुगावा लागत होता. शाळेतल्या पोरानं प्रश्न न वाचता, मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ओळखावं, तसं हे झालं.

म्हणून जाहिरातीत "९९ टक्के अचूक" असं लिहिलेलं वाचलं की एकच प्रश्न विचारा : कुठल्या फोटोंवर? प्रयोगशाळेतल्या की आमच्यासारख्यांच्या शेतातल्या?

'म्हणून' या शब्दाला भुलू नका

आता दुसरी बाजू. कारणामुळे खोटा विश्वास उडतो, तसा खोटा विश्वास बसतोही.

१९७८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ग्रंथालयात कागदाच्या नकला काढायच्या यंत्रापाशी कुणीतरी उभं असायचं. दुसरा माणूस येऊन म्हणायचा, "माझी पाच पानं आहेत, मला आधी काढू द्या." कारण न देता असं विचारलं तर शंभरातले ६० जण वाट देत. "मला घाई आहे म्हणून" असं म्हटलं की ९४ जण वाट देत. आणि "मला नकला काढायच्या आहेत म्हणून" असं म्हटलं तर? ९३! अहो, नकला काढायला तर सगळेच आले होते. ते काही कारण झालं नाही. पण कारणासारखं वाजलं, आणि लोकांनी मान डोलावली.

पानं पाचाऐवजी वीस झाली, तेव्हा मात्र लोक सावध झाले. पोकळ कारणाचा काहीच उपयोग झाला नाही. शंभरातले २४ जणच वाट देत होते, म्हणजे कारण न सांगता जेवढे देत होते तेवढेच. थोडक्यात, जिथं आपलं फारसं काही जात नाही तिथं माणूस कारण तपासत नाही, आणि जिथं जातं तिथं तपासतो.

मोबाईलवरचा सल्ला आपल्याला पाच पानांसारखा वाटतो. बोट लावलं, उत्तर आलं, खर्च काहीच नाही. पण त्या उत्तरामागं औषधाची बाटली असते, मजुरी असते, पंपाचं इंधन असतं. ती खरी वीस पानं आहेत. तेव्हा तपासणीही तशीच हवी.

यंत्राच्या बाबतीतही असाच अनुभव आला आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की यंत्रानं उत्तराबरोबर कारण दिलं, तर लोक ते उत्तर जास्त स्वीकारतात. उत्तर बरोबर असलं तरी, आणि चूक असलं तरीही! कारण ऐकून त्यांची पारख वाढली नाही, फक्त होकार वाढला.

आणखी एक सांगतो. आता गप्पा मारल्यासारखी बोलणारी यंत्रं निघाली आहेत. मराठीत प्रश्न विचारा, मराठीत ऐटीत उत्तर देतात. त्यांना "का?" विचारलं तर छान, मुद्देसूद कारणं सांगतात. पण त्यांनी सांगितलेलं कारण आणि आत उत्तर ज्या रीतीनं तयार झालं ती रीत, या दोन गोष्टी एकच असतील असं नाही. उत्तर एका वाटेनं आलं आणि कारण मागाहून जुळवलं, असंही होतं. गोड बोलण्यावर भाळून आपण बैल घेत नाही. मग औषध का घ्यावं?

बैलाच्या बाजारात आपण काय करतो?

विकणारा म्हणतो, "बैल तरणा आहे." आपण विचारतो, "कशावरून?" तो म्हणतो, "अजून आदत आहे, दात बघा." आपण काय करतो? मान हलवून पैसे मोजतो का? नाही. बैलाचा जबडा उघडून दात बघतो. त्याला चार पावलं चालवून बघतो.

चांगलं कारण म्हणजे असंच. ज्या कारणाचा जबडा उघडून बघता येतो, ते कारण कामाचं. जे आपल्याला पडताळून पाहता येत नाही, ते कितीही शास्त्रीय शब्दांत असलं तरी आपल्यासाठी 'नकला काढायच्या आहेत म्हणून' यासारखंच. आता शेतातली तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, कापसावरची गुलाबी बोंडअळी. कामगंध सापळ्यातल्या पतंगांचा फोटो घेऊन ते मोजणारी ॲप आपल्या देशात निघाली आहेत. यंत्र म्हणतं, "सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, म्हणून फवारणीची वेळ झाली." हे उत्तम कारण. आठ पतंग आपल्यालाही मोजता येतात. शिवाय शेताच्या निरनिराळ्या भागांतून २० हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, तर ते झालं १० टक्के, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की निर्धास्त व्हा. पण सापळ्यातला ल्यूर जुना झाला असेल तर पतंग येणारच नाहीत. यंत्र म्हणेल, "शून्य पतंग, काळजी नको." त्याचं मोजणं बरोबर, तरी सल्ला चूक. ल्यूर कधी बदलला, हे तुम्हालाच माहीत असतं.

दुसरं, मक्यावरची लष्करी अळी. अमेरिका खंडातून आलेली ही अळी आपल्या देशात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात सापडली. त्याआधीच्या भारतीय फोटोंवर शिकलेल्या यंत्राला ती ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याला फोटो दाखवला असता, तर त्यानं माहितीतल्या जवळच्या अळीचं नाव ठोकून दिलं असतं. "मला माहीत नाही" असं म्हणायला पुष्कळ यंत्रांना शिकवलेलंच नसतं. या अळीची खूण मात्र आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटं काढल्यासारखी रेघ असते आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. यंत्र 'लष्करी अळी' म्हणालं तर पोंग्यातली अळी तळहातावर घ्या आणि या दोन खुणा बघा. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

तिसरं, सोयाबीन पिवळं पडणं. यंत्राला एका पानाचा फोटो दिला तर ते पिवळेपणा बघतं. पण ते पान झाडावर वर होतं की खाली, हे त्याला दिसत नाही. आणि खरी मेख तिथंच आहे. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडल्याचा संशय घ्यावा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील आणि सुरुवात एखाद-दुसऱ्या झाडापासून झाली असेल, तर पिवळा मोझॅक असू शकतो. तो पांढरी माशी पसरवते. आणि पाणी साचलेल्या पट्ट्यातच पिवळेपणा असेल, तर मुळं गुदमरली आहेत. रंग एकच, कारणं चार, उपाय चार. तेव्हा यंत्राला एकाच पानाचा फोटो देऊ नका. एक फोटो पानाचा, एक पूर्ण झाडाचा, एक वावराचा द्या. ॲपमध्ये तशी सोय नसेल, तर त्याच्या उत्तराची किंमतही तेवढीच धरा.

जाणकाराची नजर लागतेच

कुणी म्हणेल, आम्ही अडाणी, यंत्राच्या चुका आम्ही काय काढणार? असं मुळीच समजू नका. अमेरिकेतली एक हकीकत ऐका. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी धोका कोणाला जास्त, हे सांगणारं यंत्र संशोधकांनी दवाखान्यांच्या जुन्या नोंदींवरून शिकवलं. २०१५ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. यंत्राचा एक नियम असा निघाला : "रुग्णाला दमा असेल तर धोका कमी." डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. दम्याच्या माणसाला न्यूमोनिया झाला तर धोका वाढतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मग नोंदीत उलटं का आलं? दम्याचा रुग्ण आला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत. काळजी जास्त घेतली जाई, म्हणून मृत्यू कमी होत. यंत्राला नोंद दिसली, नोंदीमागची धावपळ दिसली नाही.

ही चूक सापडली याची दोन कारणं. एक, यंत्राचा नियम उघडा वाचता येत होता. दोन, वाचणाऱ्यांत रुग्ण जाणणारी माणसं होती. शेतात रुग्णाच्या जागी पीक आहे आणि त्याचा जाणकार तुम्ही आहात. कुठलं वावर पाणी धरतं, कुठल्या कोपऱ्यात दरवर्षी मर लागते, मागच्या हंगामात काय मारलं होतं, शेजाऱ्यानं तणनाशक कधी फवारलं आणि वारा कुठला होता, हे यंत्राला कुणी सांगितलेलं नाही.

एकदा चुकलं म्हणून फेकून देऊ नका

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यंत्राच्या बाबतीत हे फार दिसतं. २०१५ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की माणूस चुकला तर लोक चालवून घेतात, पण यंत्र चुकताना दिसलं की त्याच्यावरचा विश्वास चटकन उडतो. ते यंत्र माणसापेक्षा कमी चुकत असलं तरीही! पुढं त्यांनाच असंही दिसलं की यंत्राच्या उत्तरात थोडाफार बदल करायची मुभा दिली, तर लोक ते वापरायला तयार होतात. लगाम आपल्या हाती राहिला की भीती कमी होते.

म्हणजे पहा, विश्वास दोन्ही टोकांना चुकतो. गोड कारण ऐकून आंधळा विश्वास, नाहीतर एका चुकीवरून "विश्वास पानिपतात गेला" म्हणून पाठ फिरवणं. दोन्हींत तोटा आपलाच. दुकानदार चुकतो, शेजारी चुकतो, तज्ज्ञसुद्धा चुकतात. आपण त्यांना सोडत नाही. कोण कशात बरोबर असतं, ते हळूहळू ओळखतो. यंत्राशीही तसंच वागावं.

फवारणीआधी पाच प्रश्न

१. यंत्रानं कोणत्या खुणेवरून सांगितलं? ती खूण डोळ्यांनी दिसणारी, हातानं मोजता येणारी आहे का? नुसतं "तुमच्या पिकाच्या स्थितीनुसार" असं असेल, तर ते कारण समजू नये.

२. ती खूण माझ्या शेतात आहे का? बांधावरून बघू नका. शेतात तिरपं चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी चार झाडं बघा. झाली वीस झाडं.

३. यंत्राला काय ठाऊक नाही? पेरणीची तारीख, वाण, आधीची फवारणी, पाऊस, जमीन. विचारलं असेल तर खरी माहिती भरा. विचारलंच नसेल, तर सल्ला मोघम आहे असं धरा.

४. सल्ला चुकला तर माझं काय जाईल? "पाणी दोन दिवस उशिरा द्या" हा सल्ला चुकला तर पुष्कळदा सावरता येतं. "पीक मोडून दुबार पेरणी करा" हा चुकला तर हंगाम गेला. जितकं जास्त जाणार, तितकी पारख कडक.

५. सल्ला देणाऱ्याचा लाभ कशात आहे? जे ॲप औषध सुचवतं तेच ते विकतही असेल, तर दुसऱ्या ठिकाणी विचारल्याशिवाय बाटली घेऊ नका.

यंत्र कधीकधी "खात्री ९० टक्के" असा आकडा दाखवतं. त्याचा अर्थ असा व्हायला हवा की अशा शंभर उत्तरांतली नव्वद बरोबर येतील. पण यंत्रं आपली खात्री फुगवूनही सांगतात. आणि आकडा खरा धरला, तरी शंभरातली दहा उत्तरं चुकणारच. ते दहावं शेत आपलं असू शकतं.

वही ठेवा

विश्वास मोजायचा साधा उपाय सांगतो. एक शंभर पानी वही करा. यंत्राचा सल्ला घेतला की चार गोष्टी लिहा : तारीख आणि पीक, यंत्र काय म्हणालं आणि कारण काय दिलं, शेतात प्रत्यक्ष काय दिसलं, शेवटी काय निघालं. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या, हौसेनं करतील.

हंगाम संपला की मोजा. समजा तुरीवर दहा वेळा विचारलं, आठ वेळा बरोबर निघालं. कांद्यावर सहा वेळा विचारलं, दोनदाच बरोबर. मग तुरीसाठी ते यंत्र वापरा आणि कांद्यासाठी कृषी विज्ञान केंद्र गाठा. हा हिशेब तुमच्या मातीतला, तुमच्या पाण्यातला असतो, म्हणून जाहिरातीतल्या ९९ टक्क्यांपेक्षा तो जास्त मोलाचा. गावातल्या पाच-सहा जणांनी वह्या एकत्र करून चावडीवर वाचल्या, तर आणखी चांगलं. महिला बचत गटांनी यात पुढाकार घ्यावा. निंदणी-खुरपणी करताना पिकातला बदल बहुधा बायांच्याच नजरेला आधी पडतो.

नवा उपाय साऱ्या शेतात एकदम करू नका. सल्ला घातक नसेल आणि वेळ असेल, तर चार ओळींवर करून बघा, शेजारच्या चार ओळी तशाच ठेवा. फरक दिसला तर पुढे जा. औषधाची मात्रा मात्र यंत्राच्या तोंडची घेऊ नका. ती बाटलीवरच्या लेबलाशी आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून बघा. औषध त्या पिकासाठी शिफारस केलेलं आहे का, हेही लेबलवरच कळतं. फवारताना हातमोजे, तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे, यात सवलत नाही.

यंत्राचं उत्तर चुकलं, तर ॲपमध्ये "उत्तर चूक" असं कळवायची सोय असते का ते बघा आणि असेल तर जरूर कळवा. योग्य फोटो आणि खरं नाव परत गेलं, तर पुढं यंत्र सुधारायला ते उपयोगी पडतं. शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर बिनपैशाचा आहे. तिथं बोलणाऱ्या माणसालाही "कशावरून?" असं विचारायला लाजू नका.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंत्र वाईट नाही. रात्री दहा वाजता, तालुक्याचं गाव दूर असताना, पानाकडे बघून चार शब्द सांगणारा सल्लागार खिशात असणं ही सोयच आहे. पण त्याला मालक करू नका, गडी ठेवा. त्यानं उत्तर दिलं की कारण विचारा. कारण दिलं की खूण विचारा. खूण सांगितली की वावरात जाऊन ती बघा. खूण सापडली तरच खिशात हात घाला.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपल्यात म्हणतात. आता ऐकावे यंत्राचेही. पण करण्याआधी एकदा वावरात चक्कर मारून यावी.